अल्पमोली व हलक्या लॅपटॉपची उपयुक्तता आणि मर्यादा : ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

सारांश : कमी किमतीचा व कमी वजनाचा लॅपटॉप हा ग्रामीण भागातील विद्यार्थ्यास संगणकापर्यंत पोहोचविणारा सोपा मार्ग मानला जातो. प्रस्तुत लेखात या यंत्रप्रकाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी, त्याचे लाभ, त्याच्या तांत्रिक मर्यादा आणि खरेदीनंतरचा एकूण खर्च यांचा विचार केला आहे. किमतीपेक्षा यंत्राचे उपयुक्त आयुष्य आणि अभ्यासक्रमाची गरज हे निकष अधिक निर्णायक आहेत, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : नेटबुक, क्रोमबुक, साठवण क्षमता, देवनागरी टंकलेखन, एकूण खर्च, ग्रामीण उच्च शिक्षण.

१. प्रस्तावना

माहिती-तंत्रज्ञानाने उच्च शिक्षणाची जवळजवळ सर्व अंगे व्यापली आहेत. प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, प्रकल्प अहवाल, परिसंवादासाठी शोधनिबंध यांपैकी एकही गोष्ट आज संगणकावाचून पूर्ण होत नाही. भ्रमणध्वनी बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती असला, तरी पन्नास पानांचा प्रकल्प अहवाल त्यावर लिहिणे म्हणजे डोळ्यांची व वेळेची परीक्षाच होय. साहजिकच लॅपटॉपची गरज निर्माण होते आणि त्याबरोबर पैशाचा प्रश्नही उभा राहतो.

प्रस्तुत लेखकाकडे वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीचे वडील आले होते. उसाचे बिल नुकतेच जमा झाले होते. त्यांनी विचारले, "सर, पोरीला हलका लॅपटॉप घ्यायचा म्हणतोय. वीस हजारांच्या आत चांगला मिळेल ना?" या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देण्याचे मी टाळले. त्यास कारणही होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्यास ३२ जीबी साठवण क्षमतेच्या स्वस्त यंत्राची शिफारस मी स्वतः केली होती. वर्षभरात प्रणालीच्या अद्ययावतीकरणासाठीच त्यात जागा उरली नाही, यंत्र मंदावले आणि प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात त्यास नेट कॅफेत बसावे लागले. शिफारस सद्हेतूने केली होती. परंतु ती पुरेशा अभ्यासाविना केली होती, हे मान्य केले पाहिजे. तो अभ्यास उशिरा का होईना पूर्ण करावा, हा या लेखामागील हेतू आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) अल्पमोली हलक्या लॅपटॉपच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेणे, (२) त्याचे लाभ व मर्यादा तांत्रिक कारणांसह स्पष्ट करणे, (३) खरेदीची किंमत आणि एकूण खर्च यांतील फरक दाखविणे, (४) कोणत्या विद्यार्थ्यास असे यंत्र उपयुक्त ठरेल, याविषयी निकष सुचविणे.

येथे 'अल्पमोली हलका लॅपटॉप' म्हणजे साधारणतः अकरा ते चौदा इंची पडद्याचा, सुमारे दीड किलोपेक्षा कमी वजनाचा आणि बाजारातील सर्वांत खालच्या किंमत-श्रेणीतील लॅपटॉप, असा मर्यादित अर्थ अभिप्रेत आहे. हलके परंतु महागडे लॅपटॉप या विवेचनाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

दीर्घकाळ 'हलका' आणि 'स्वस्त' हे दोन गुण लॅपटॉपमध्ये एकत्र नांदत नव्हते. जितके वजन कमी तितकी किंमत अधिक, असाच बाजाराचा नियम होता. या नियमास पहिला मोठा धक्का शिक्षणाच्या क्षेत्रातून बसला. निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये विकसनशील देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या नावाने ती ओळखली जाते. 'एक्सओ-१' या प्रत्यक्ष यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा संस्कारक, २५६ एमबी स्मृती आणि १ जीबी साठवण होती. उन्हातही वाचता येईल असा साडेसात इंची पडदा हे त्याचे वैशिष्ट्य. मात्र किंमत शंभर डॉलरपर्यंत कधीच उतरली नाही. ती त्याच्या जवळजवळ दुप्पट राहिली.

या उपक्रमाचा महाराष्ट्राशीही संबंध आला. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत २००७ मध्ये ही यंत्रे प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आली. तत्पूर्वी २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा प्रकल्प नाकारला होता. वर्गखोल्या व शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे, अशी त्यामागील भूमिका होती. पेरू या देशाने मात्र हा उपक्रम मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांवर आधारित, आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात गणित व भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. काही सामान्य बौद्धिक कौशल्यांत मात्र सुधारणा आढळली. यंत्र हाती येणे आणि शिक्षण घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या अनुभवाचा धडा होय.

व्यापारी पातळीवर हा प्रवाह आसुस कंपनीच्या 'ई पीसी ७०१' या यंत्राने रूढ केला. हे यंत्र २००७ च्या उत्तरार्धात बाजारात आले. सात इंची पडदा, ८०० × ४८० बिंदू, ५१२ एमबी स्मृती, ४ जीबी साठवण आणि एक किलोपेक्षाही कमी वजन, असे त्याचे स्वरूप होते. त्यात लिनक्सवर आधारित प्रणाली होती आणि तिनेच निम्म्याहून अधिक साठवण व्यापलेली असे. २००८ मध्ये इंटेलचा 'अॅटम' संस्कारक आला आणि एसर, एमएसआय, डेल, एचपी अशा कंपन्यांची तत्सम यंत्रे बाजारात उतरली. त्यांस 'नेटबुक' हे नाव रूढ झाले. तत्कालीन 'व्हिस्टा' ही प्रणाली त्यांना पेलवणारी नव्हती. म्हणून मायक्रोसॉफ्टने जुन्या 'एक्सपी'ची होम आवृत्ती अशा यंत्रांसाठी पुढे चालू ठेवली. २०१० मध्ये आयपॅड आला, टॅबलेटची लाट आली आणि २०१३ च्या सुमारास नेटबुक हा वर्ग जवळजवळ संपुष्टात आला.

नाव संपले, तरी गरज संपली नाही. २०११ मध्ये गुगलच्या प्रणालीवरील पहिली क्रोमबुक यंत्रे विक्रीस आली. त्याच वर्षी तामिळनाडू शासनाने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. भारतात २०२३ मध्ये 'जिओबुक' ९९० ग्रॅम वजन, ११.६ इंची पडदा, ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण या स्वरूपात १६,४९९ रुपयांना सादर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चेन्नईजवळ एचपी क्रोमबुकचे उत्पादनही सुरू झाले. थोडक्यात, नेटबुकची कल्पना वेगवेगळ्या नावांनी आजही जिवंत आहे आणि तिच्यातील मूळ तडजोडीही तशाच कायम आहेत.

४. लाभाची बाजू

४.१ वहनसुलभता : रोज वीस-पंचवीस किलोमीटर एसटीने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दप्तरात पुस्तके, वह्या, डबा व पाण्याची बाटली असतेच. सर्वसाधारण १५.६ इंची लॅपटॉप चार्जरसह दोन किलोंच्या पुढे सहज जातो. त्याऐवजी सव्वा किलोचे यंत्र असेल, तर ते रोज महाविद्यालयात आणले जाते. अन्यथा ते घरीच राहते. जे यंत्र सोबत नसते, त्याचा ग्रंथालयात वा वर्गात उपयोग शून्य होय.

४.२ वीजवापर : हलक्या लॅपटॉपचा संस्कारक कमी विजेवर चालतो. सामान्य लेखन-वाचनासाठी असे यंत्र सुमारे १० वॅट घेते असे मानू. पडद्यासह टेबलावरील संगणकास सुमारे १०० वॅट लागतात असे धरू. रोज चार तास, वर्षातील २५० दिवस वापर झाल्यास पहिल्यास १० युनिट, तर दुसऱ्यास १०० युनिट वीज लागेल. विजेच्या बिलापेक्षाही भारनियमनात काम न थांबणे हा अधिक मोठा लाभ आहे. ३८ वॅट-तास क्षमतेची बॅटरी ८ वॅट वापरावर पावणेपाच तास चालते. मात्र हा हिशेब नव्या बॅटरीचा आहे. काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली की तोच कालावधी पावणेचार तासांच्या आसपास येतो.

४.३ पंख्याचा अभाव : या श्रेणीतील अनेक यंत्रांत संस्कारक कमी तापत असल्याने पंखा नसतो. त्यामुळे आवाज होत नाही आणि आत धूळही कमी ओढली जाते. कच्च्या रस्त्यालगतच्या, पत्र्याच्या छताखालील घरांत हा गुण किरकोळ नव्हे.

४.४ मर्यादित जोखीम : महागडे यंत्र घरात आले की ते कपाटात कुलूपबंद होते, हा अनेकांचा अनुभव आहे. स्वस्त यंत्र हाताळण्यास कुटुंबातील सर्वजण धजावतात. धाकटा भाऊ त्यावर टंकलेखन शिकतो, वडील सातबारा पाहतात. संगणकाची भीती जाण्यासाठी असा मोकळा वापर आवश्यक असतो.

५. मर्यादेची बाजू

५.१ साठवण क्षमता व तिचा प्रकार : खोक्यावर '६४ जीबी' असे छापलेले असते. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात, तर विंडोज प्रणाली द्विमान पद्धतीने. त्यामुळे पडद्यावर साठच्या आतच आकडा दिसतो. त्यातून प्रणाली, तिचे अद्ययावतीकरण व राखीव जागा वजा जाते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान अट ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठवण अशी आहे. याचाच अर्थ स्वस्त यंत्र अनेकदा किमान रेषेवरच उभे असते. पुढील वाढीस तेथे वाव नसतो. शिवाय या यंत्रांत 'ईएमएमसी' प्रकारची साठवण वापरली जाते. ती 'एसएसडी'पेक्षा मंद असते आणि मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते. मेमरी कार्ड लावून दस्तऐवज ठेवता येतात. परंतु प्रणालीची जागा त्यामुळे वाढत नाही.

५.२ स्मृती : ४ जीबी स्मृतीतील काही भाग चित्रदर्शनासाठी वापरला जातो. उरलेल्या स्मृतीत ऑनलाइन वर्ग, ब्राउझरची आठ-दहा पाने आणि लेखनाचा कार्यक्रम एकाच वेळी चालविल्यास यंत्र अडखळते. ही स्मृतीदेखील बहुधा पट्टीवरच जोडलेली असते. म्हणजे आज घेताना जे असेल, तेच अखेरपर्यंत राहणार.

५.३ पडदा आणि देवनागरी लिपी : या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरीस ओळीच्या वर व खाली अधिक जागा लागते. वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर. तर उकार, ऋकार व काही जोडाक्षरांचा विस्तार खाली येतो. १३६६ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर प्रणालीची पट्टी आणि कार्यक्रमाच्या सूची वजा केल्यास मराठी मजकुराच्या फारच थोड्या ओळी एका वेळी दिसतात. हेच बिंदू १५.६ इंची पडद्यावर पसरले तर इंचाला सुमारे १०० आणि ११.६ इंची पडद्यावर सुमारे १३५ पडतात. म्हणजे लहान पडद्यावर अक्षर रेखीव दिसते, पण बारीक दिसते. मोठ्या पडद्यावर ते मोठे दिसते, पण त्याच्या कडा फुटतात. मुद्रितशोधन करताना 'दिन' व 'दीन' यांतील फरक डोळ्यांतून निसटू शकतो. मराठी विषयाच्या विद्यार्थ्याने खरेदीपूर्वी इंग्रजी नव्हे, तर मराठी मजकुराचे एक पान उघडून पडदा पाहावा.

५.४ प्रणाली आणि अभ्यासक्रम यांची विसंगती : क्रोमबुक वा जिओबुक यांवर विंडोजसाठी तयार केलेले कार्यक्रम थेट चालत नाहीत. वाणिज्य शाखेतील टॅली, सामाजिक शास्त्रांत वापरले जाणारे एसपीएसएस, अभियांत्रिकीचे ऑटोकॅड किंवा जुन्या मराठी फाँटवर आधारित डीटीपी कार्यक्रम यांची गरज असल्यास ही यंत्रे अपुरी पडतात. काही स्वस्त विंडोज लॅपटॉप 'एस मोड' या मर्यादित अवस्थेत मिळतात. त्यात केवळ मायक्रोसॉफ्टच्या भांडारातील कार्यक्रम बसविता येतात. ही अवस्था विनामूल्य काढता येते; पण एकदा काढली की पुन्हा आणता येत नाही. ही माहिती नसल्याने 'यंत्र खराब निघाले' असा समज होऊ शकतो.

५.५ अद्ययावतीकरणाची मुदत : यंत्र चालू असणे आणि सुरक्षित असणे यांत भेद आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. किमान अटी पूर्ण न करणारी अनेक जुनी यंत्रे त्यामुळे धडधाकट असूनही मागे पडली. क्रोमबुकबाबत गुगलने २०२३ मध्ये दहा वर्षांपर्यंत अद्ययावतीकरण देण्याचे जाहीर केले. परंतु ही मुदत त्या यंत्राची मूळ रचना बाजारात आल्यापासून मोजली जाते, ग्राहकाच्या खरेदीपासून नव्हे. सवलतीत मिळणारे जुने प्रारूप घेताना ही तारीख अवश्य तपासावी.

५.६ दुरुस्ती : स्मृती, साठवण व संस्कारक एकाच पट्टीवर असल्याने एक भाग बिघडला की संपूर्ण पट्टी बदलावी लागते. तिची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्यापर्यंतही जाऊ शकते. तालुक्याच्या ठिकाणी असे काम करणारा कारागीर मिळणे कठीण. परिणामी यंत्र अडगळीत जाते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. तथापि वापरण्याजोगे यंत्र टाकून देण्याची वेळच न येणे, हे केव्हाही श्रेयस्कर.

६. एकूण खर्चाचा हिशेब

'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' ही म्हण येथे आठवावी. स्वस्त यंत्रास पुढे मेमरी कार्ड, जास्तीचे जोडबिंदू देणारे हब, बाह्य साठवण असे साहित्य लागते. स्पष्टीकरणासाठी तीन काल्पनिक पर्याय घेऊ.

(अ) नवीन अल्पमोली लॅपटॉप : किंमत १८,००० रुपये, पूरक साहित्य ३,००० रुपये, एकूण २१,००० रुपये. तीन वर्षे टिकल्यास वार्षिक खर्च ७,००० रुपये.

(ब) मध्यम श्रेणीचा नवीन लॅपटॉप : किंमत ३६,००० रुपये, चौथ्या वर्षी बॅटरी ३,००० रुपये, एकूण ३९,००० रुपये. सहा वर्षे टिकल्यास वार्षिक खर्च ६,५०० रुपये.

(क) कार्यालयीन वापरातील, नूतनीकरण केलेला जुना लॅपटॉप : किंमत २०,००० रुपये, बॅटरी व किरकोळ सुधारणा ४,००० रुपये, एकूण २४,००० रुपये. चार वर्षे टिकल्यास वार्षिक खर्च ६,००० रुपये.

या हिशेबात दिसायला सर्वांत स्वस्त असलेला पर्याय प्रत्यक्षात सर्वांत महाग ठरतो. परंतु येथेच थांबणे अन्यायाचे होईल. पर्याय 'अ' पाच वर्षे टिकला, तर त्याचा वार्षिक खर्च ४,२०० रुपयांवर येतो आणि तोच सर्वांत लाभदायक ठरतो. म्हणजे निर्णयाची कळ किमतीत नसून उपयुक्त आयुष्यात आहे. ते आयुष्य साठवण, स्मृती आणि अद्ययावतीकरणाची मुदत या तीन गोष्टींवर अवलंबून असते. दुसरे असे की, ३६,००० रुपये एकरकमी उभे करणे ज्या कुटुंबास शक्य नाही, त्याच्यासाठी वार्षिक सरासरी हा केवळ कागदी युक्तिवाद ठरतो. कर्जाऊ रकमेवर व्याज द्यावे लागत असेल, तर पर्याय 'ब'चा लाभ नाहीसा होतो. पर्याय 'क'मध्ये वजन अधिक, हमी अल्प आणि विक्रेत्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न असतो, हेही विसरता कामा नये.

७. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतील.

प्रथम, वाचन, लेखन, ऑनलाइन वर्ग व ई-टपाल एवढीच गरज असलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यास अल्पमोली हलके यंत्र पुरेसे आहे. मात्र घरी वा महाविद्यालयात इंटरनेटची सोय असावी. क्रोमबुकवर काही कामे जोडणीविना होत असली, तरी त्याची रचनाच जोडणी गृहीत धरून केलेली आहे.

दुसरे, अभ्यासक्रमात विशिष्ट विंडोज कार्यक्रम अनिवार्य असल्यास प्रथम महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत तो किती वेळ उपलब्ध आहे, हे पाहावे. तेथे पुरेसा वेळ मिळत असेल, तर घरचे यंत्र साधे असले तरी चालते. अन्यथा पर्याय 'क' विचारात घ्यावा.

तिसरे, विंडोज यंत्र घ्यायचे झाल्यास ८ जीबी स्मृती व १२८ जीबी साठवण यांपेक्षा खाली उतरू नये. या मर्यादेत बसणारे यंत्र अंदाजपत्रकात नसेल, तर हलक्या लिनक्स प्रणालीचा किंवा क्रोमबुकचा विचार करणे अधिक शहाणपणाचे.

चौथे, पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल, तर पाच-सहा वर्षांचा हिशेब धरावा. तीन वर्षांचा नव्हे.

८. निष्कर्ष

अल्पमोली हलका लॅपटॉप हे गरिबाचे खेळणेही नव्हे आणि शैक्षणिक विषमतेवरील रामबाण उपायही नव्हे. ते विशिष्ट गरजेसाठी केलेल्या तडजोडींचे यंत्र आहे. आपली गरज त्या तडजोडींच्या आत बसते काय, एवढाच खरा प्रश्न आहे. खैराट आणि पेरू येथील अनुभवांकडे पाहता, यंत्रासोबत शिक्षकाचे मार्गदर्शन व महाविद्यालयाची साथ नसेल, तर उत्तम यंत्रही फळ देत नाही. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने वर्षारंभी विषयनिहाय 'किमान संगणक गरज' असे एक पानी पत्रक काढावे आणि ग्रंथालयात दोन-तीन प्रकारची यंत्रे हाताळून पाहण्यास ठेवावीत. यास फारसा खर्च येत नाही. मात्र एखाद्या कुटुंबाची वर्षभराची बचत त्यामुळे वाचू शकते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या पालकांना मी अखेर 'होय' वा 'नाही' असे उत्तर दिले नाही. मुलीस टॅली कोठे शिकायची आहे, पुढे एम.कॉम. करायचे आहे काय आणि गावात इंटरनेट कसे आहे, हे तीन प्रश्न त्यांना विचारले. तिचा महिनाभर प्रयोगशाळेत सराव झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "सर, मला टॅली घरीसुद्धा लागेल." त्यांनी नूतनीकरण केलेला विंडोज लॅपटॉप घेतला. तो हलका नाही, ही तिची तक्रार आजही आहे आणि ती रास्तच आहे. परंतु तिच्या एका कला शाखेच्या मैत्रिणीने त्याच सुमारास सव्वा किलोचे क्रोमबुक घेतले व तीही समाधानी आहे. दोघींची निवड भिन्न असूनही दोन्ही योग्य आहेत. कारण दोघींनी यंत्राची किंमत पाहण्यापूर्वी आपली गरज पाहिली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच; पण अंथरूण घेण्यापूर्वी आपली उंची मोजून घ्यावी, एवढेच या विवेचनाचे सार आहे.